रुडिंगचे कान

रुडिंगला ऐकू येत नव्हतं. मला ते माहीत होतं. तरी त्याच्या कंपनीतल्या कागदावर 'श्रवण उत्तम' असं माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

आम्ही बाजो, समुद्रावर राहणारी, बुड्या मारून मासे धरणारी माणसं. आमच्या वस्तीत पुरुषांचे कान लहानपणीच जातात. खरं तर घालवतात. रुडिंग आठ वर्षांचा असताना बापाने त्याला होडीवरून खोल बुडी मारायला लावली. कानाचे पडदे फाटले. कानातून, नाकातून रक्त आलं. आठवडाभर तो खांबांवरच्या घरात आडवा पडून होता. उठला की गरगरायचं. आई कानात कोमट खोबरेल घालायची. त्यानंतर पाण्याखाली त्याचं डोकं कधी दुखलं नाही. वीस वाव खोल पाण्यात जाऊन तो भाल्याने मासा मारून वर यायचा, तेही एका श्वासात.

त्यामुळे वस्तीत सगळेच ओरडून बोलतात. बाहेरच्यांना वाटतं, भांडण चाललंय. माझ्या आईने मला बुडी मारू दिली नाही, शाळेत घातलं, म्हणून माझे कान शाबूत राहिले. मी शहरात साहित्य शिकून परत आलो तेव्हा रुडिंगने माझं नाव 'पुस्तक' ठेवलं. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा.

"ए पुस्तक," तो होडीतून ओरडायचा, "ऑक्टोपस कुठे लपलाय ते लिहिलंय का तुझ्यात?"

मी उत्तर द्यायचो. तो माझ्या ओठांकडे बघून हसायचा.

मग एका कंपनीने खाणीसाठी वस्तीमागचा डोंगर उघडला. निकेलची माती लाल असते. पाऊस पडला की डोंगर ओघळून समुद्रात उतरायचा. दोन वर्षांत आमच्या घरांखालचं पाणी मसाल्याच्या कालवणासारखं झालं. रुडिंग खाली जायचा आणि रिकामा वर यायचा. एकदा म्हणाला, "खाली स्वतःचा हात दिसत नाही रे. कुणी माझे डोळे काढून घेतल्यासारखं वाटतं."

वस्तीतल्या दुकानात डब्यातली मासळी आली. हालिपावहिनी, त्याची बायको, डबा उघडताना खिडकी लावून घ्यायची. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून. शेजारीही खिडक्या लावूनच डबे उघडत होते.

कंपनीला धक्क्यावर माणसं हवी होती. डोंगरावरून माती घेऊन गाड्या येतात, उलट्या मागे येतात आणि बार्जमध्ये, सपाट मालबोटीत, माती ओततात. त्यांना झेंडा दाखवून मागे घेणारा माणूस लागतो. मला तोवर कंपनीच्या दवाखान्यात काम मिळालं होतं. येणाऱ्याचं नाव, वय, वजन लिहायचं आणि नर्स सांगेल ते भरायचं. साहित्याच्या पदवीचा तेवढा उपयोग झाला.

रुडिंगने मला त्याच्या घरी बोलावलं. पहिल्यांदाच हळू बोलला.

"पुस्तक, कानाची तपासणी असते म्हणे."

"असते."

"मग?"

मी त्याला तपासणीची खोली समजावून सांगितली. तो यंत्राकडे पाठ करून माझ्या टेबलासमोर बसणार. नर्स त्याच्या मागे, यंत्रापाशी. कानावर हेडफोन. आवाज सुटला की यंत्रावर हिरवा दिवा लागतो. तो दिवा नर्सला दिसतो. आणि मला.

"आणि तू मला दिसतोस," रुडिंग म्हणाला.

हालिपावहिनी चूल फुंकत होती. तिथूनच ओरडली, "आणि त्या गाड्या मागे येताना पीं पीं करतात, ते कोण ऐकणार? हा पुस्तक धक्क्यावर उभा राहणार आहे का?"

"अगं, खाली असताना मला होडीचं इंजिन कळतं की नाही? छातीला कळतं. गाडी तर जमिनीवरून येते. पायाला कळेल."

"पायाला कळेल म्हणे! उद्या जेवशील पण पायाने."

तो हसला. मीही हसलो. वहिनी हसली नाही.

तपासणीच्या दिवशी दिवा लागला की मी पेन उचलायचो. रुडिंग बोट वर करायचा. एकदाही चुकला नाही. नर्स दूरच्या शहरातली, चांगल्या मनाची बाई होती. म्हणाली, "इतके सुंदर कान मी इथे पहिल्यांदाच बघते." मी लिहून घेतलं.

त्याने सात महिने काम केलं, आणि खरोखरच त्याला पायाने कळायचं. कंपनीचे बूट त्याने घरी नेऊन सुरीने कापले होते. तळ इतका पातळ केला की बोट दाबलं तर आतून जाणवायचं. वरून बूट, खाली जवळजवळ अनवाणी. गाडी वळली की तो मागे न बघता बाजूला व्हायचा. ड्रायव्हर त्याला मानायचे. एक जण मला म्हणाला, "या माणसाला पाठीवर डोळे आहेत." घरात पुन्हा तांदूळ आला, वहिनीने खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली.

मग सुरक्षा सप्ताह आला. साहेब लोक बूट तपासत फिरले. कापलेले बूट बघून मुकादमाने त्याला सगळ्यांसमोर झापलं. जुने बूट काढून घेतले. नवे दिले, जाड तळाचे, आत पोलादी पट्टी. त्या वाटपाच्या यादीवरही अक्षर माझंच आहे.

दुपारच्या जेवणाला तो माझ्याशेजारी बसला. पाय पसरून बुटांकडे बघत राहिला.

"आज पायही बहिरे झाले रे."

"मुकादमाला सांग ना."

"काय सांगू? मला ऐकू येत नाही असं?" त्याने माझ्या भातातली मिरची उचलली. "जाऊ दे. सप्ताह संपला की हेही कापतो. मुकादमाला बुटांची एवढी हौस असेल तर त्याच्या मुलीच्या लग्नात आहेर म्हणून देऊ."

मी हसलो. त्या दिवसातलं मला नीट आठवतं ते एवढंच.

तीन वाजता तो एका गाडीला झेंडा दाखवत होता. दुसरी त्याच्या मागून उलटी येत होती. ती पीं पीं करत होती. मग ड्रायव्हरने भोंगा दाबला, दाबून धरला. दवाखान्यात मला तो ऐकू आला. मी खुर्चीतून उठलो तेवढ्यात तो थांबला.

आम्ही रुडिंगला होडीने प्रवाळाच्या बेटावर नेलं. आमची कबरस्तानं तिथेच आहेत. वल्ह्याला लाल पाणी लागत होतं. दुआ म्हणतानाही लोक ओरडत होते, नेहमीसारखे.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने फाईल उघडली. "कान तर उत्तम होते," तो म्हणाला. "मग भोंगा ऐकूनही हलला कसा नाही?" त्याने माझ्याकडे बघितलं.

खरं बोललो असतो तर रुडिंग लबाड ठरला असता. मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब."

अधिकाऱ्याने लिहिलं: निष्काळजीपणा. मग रुडिंग निष्काळजी ठरला.

चाळीस दिवस झाले. हालिपावहिनी दवाखान्याच्या दारात आली. सोबत तिचा धाकटा भाऊ, जाहारू. त्याला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवून ती माझ्याजवळ वाकली. "पेन आहे ना?" एवढंच म्हणाली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

नर्सने हेडफोन लावले. हिरवा दिवा लागला.

जाहारू माझ्याकडे बघत होता. पेन टेबलावर होतं, माझा हात त्याच्यावर होता. दिवा विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला.

नर्स पुढे आली. "काहीच ऐकू येत नाही का?"

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं. "येतंय की," तो मोठ्याने म्हणाला. "ऐकतोय की तुमचं."

मी लिहिलं: अपात्र.

वहिनीने बाहेरूनच ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. मी दारापर्यंत गेलो. ती भावाचा दंड धरून निघाली होती. मागे वळून म्हणाली, "रुडिंगसाठी हात उचलला होतास."

जाहारू आता नळीच्या होडीवर जातो. होडीवर हवेचं यंत्र असतं, त्याची नळी तोंडात धरून तासन् तास खाली राहायचं, लाल पाण्याच्या पलीकडे, फार खोल. तिथून वर आलेल्यांपैकी दोघांचे पाय कायमचे लुळे पडले आहेत. तो परतताना माझ्या घराखालून जातो. मी हाक मारतो. तो वर बघत नाही.

त्याला ऐकू येत नाही, हे मी स्वतःला सांगतो.