एकेचाळीस नंबरचं कार्ड

अदेलिनो मेनेझिसच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या तुलेरी गावाला ठाऊक होतं, आणि त्याच्या दुकानात गर्दी असायची तीही त्यामुळेच. केस काय, कोणीही कापतं. पण कोणाची डेअरी विकायला निघाली, कोणाच्या मुलीने कोणाशी जमवलं, नव्या पाद्रीबाबांना कशाची ॲलर्जी आहे, हे सगळं वीस मिनिटांत आणि मान खाली घातलेली असताना ऐकायला मिळायचं ते फक्त तिथे. त्याचे आजोबा पोर्तुगालच्या असोरेस बेटांवरून कॅलिफोर्नियात गायी राखायला आले होते. वडिलांनीही गायीच राखल्या. अदेलिनोला मात्र लहानपणी एका गायीने भिंतीशी दाबलं, तेव्हापासून त्याने कात्री धरली. माणसं लाथा मारत नाहीत, असं तो म्हणायचा.

त्याची बायको ओदिलिया सतरा वर्षं चीजच्या कारखान्यात पाकिटं बंद करायला होती. त्या काळात संध्याकाळी घरी आली की सुपरवायझरच्या नव्या दातांपासून ते डब्यात कोणी काय आणलं इथपर्यंत सगळं सांगायची. अदेलिनो ते सकाळी दुकानात खपवायचा. दोघांचं बरं चाललं होतं. मग चाळिशीत बाईंना शिकायचं खूळ लागलं. कॉलेज झालं, समुपदेशनाची पदवी झाली, आणि ती शहरातल्या एका केंद्रात शिकाऊ थेरपिस्ट म्हणून लागली. त्या दिवसापासून तिच्या तोंडाला कुलूप.

"आज कोण आलं होतं?" तो जेवताना विचारायचा.

"माणसं."

बस. पुढे म्हणून काही नाही. सुरुवातीला अदेलिनो हसला, मग रुसला, आणि मग त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. ज्यांचं नाव माहीत नाही, तोंड पाहिलेलं नाही, अशा लोकांचा त्याला हेवा वाटायचा. ते येत, दार लावून घेत आणि पूर्ण पन्नास मिनिटं त्याच्या बायकोचं तोंड त्यांच्याकडे असे. त्याच्या वाट्याला काय, तर "रस्सा ओव्हनमध्ये आहे, मी जरा पडते." हे लोक म्हणजे रडणाऱ्या बायका आणि बिछाना ओला करणारी पोरं असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. तेवढ्यावर त्याला झोप लागायची.

राहिली होती ती परीक्षा. परवाना मिळवायचा तर कायदा आणि नीतिनियमांची परीक्षा पास व्हावी लागते, आणि ओदिलिया त्यात चारदा आपटली होती. पंच्याहत्तर प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, चारही बरोबर वाटणारी, आणि खाली विचारलेलं असतं, यातलं सगळ्यात आधी काय कराल. तिची नोंदणी सहा वर्षांची. ती नोव्हेंबरात संपणार होती. त्याआधी पास झाली नाही, तर केंद्रातली खुर्ची सोडायची आणि परत चीजच्या पाकिटांकडे.

डोळ्यांनी वाचलेलं तिच्या डोक्यात टिकत नसे, कानावर पडलेलं टिके. म्हणून तिने एकशे साठ कार्डं स्वतःच्या हाताने लिहिली, पुढे प्रश्न, मागे उत्तर. अदेलिनोने ती रोज सकाळी सहाला, दुकान उघडण्याआधी, कॉफी आणि गोड पावाबरोबर मोठ्याने वाचायची. हे काम त्याला मनापासून आवडलं. दिवसातला तेवढा वेळ बायको त्याची होती. शिवाय फुकट कायदा शिकायला मिळत होता. पोराला घरी मार बसतोय असा नुसता संशय आला तरी लगेच फोन करायचा आणि छत्तीस तासांत लेखी कळवायचं, हे तो आता गिऱ्हाइकांना वस्तरा लावता लावता ऐकवायचा. मानेलकाका, जो रोज केस नसतानाही दुकानात येऊन बसायचा, त्याला म्हणाला, "तूच का देत नाहीस परीक्षा? पास होशील."

एकेचाळीस नंबरच्या कार्डावर तो नेहमी अडायचा. प्रश्न असा होता की तुम्ही कुटुंबासोबत जत्रेला गेलात आणि तिथे तुमच्याकडे येणारा माणूस समोर आला, तर काय कराल? मागे उत्तर होतं, आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तरच दाखवायची. तो आपल्याकडे येतो हे कोणालाही कळू द्यायचं नाही.

"ही काय माणुसकी झाली?" अदेलिनो म्हणायचा. "आपल्याकडे एखाद्याला मान हलवली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरचे विचारायला येतात, काय झालं म्हणून."

"पुढचं वाच," ती हसून म्हणायची.

सप्टेंबरातलं फेस्ता, म्हणजे चर्चची जत्रा, आलं. हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, मोठमोठी पातेली, पावावर पुदिना घातलेला गोमांसाचा रस्सा, आणि शेकडो माणसं एकमेकांचे गाल चुंबताहेत. ओदिलिया अशा ठिकाणी कुत्र्यांनाही नावाने हाक मारणारी बाई. रांग सरकत सरकत पातेल्यापाशी आली. तिथे हिरव्या शर्टातला एक उंच माणूस पळीने रस्सा वाढत होता. चाळिशीचा असेल, शर्टाला कडक इस्त्री. त्याने ओदिलियाला पाहिलं आणि त्याची पळी हवेतच थांबली. ओदिलिया त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत राहिली, वाडगा घेतला आणि पुढे गेली. ना "कसे आहात", ना "देव बरं करो". त्यानेही मान खाली घातली.

अदेलिनोने तीस वर्षं आरशात माणसं पाहिली होती. एकमेकांना न ओळखणारी माणसं एकमेकांकडे बघतात. नजर चुकवतात ती ओळखणारीच.

"कोण होता गं तो?" टेबलावर बसल्यावर त्याने विचारलं.

"कोण?"

"तो हिरवा शर्ट."

तिने पावाचा तुकडा रश्शात दाबला, परत दाबला. "सोड ना, अदेलिनो. खा, गार होतंय."

वाचकहो, तुम्हाला कळलं, मला कळलं, फेस्तातल्या पातेल्यालाही कळलं असतं. त्याला कळलं नाही. रोज जे कार्ड वाचून नाक मुरडत होता, ते त्याच्यासमोर रस्सा वाढत उभं होतं, आणि हा गडी जळून कोळसा झाला. कावीळ झाली की सगळं पिवळंच दिसतं. डोक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे इस्त्रीचा शर्ट घालणारा, सहा फुटी, आपल्याच जातकुळीचा डेअरीवाला जात असेल, हे त्याच्या गणितातच नव्हतं. तिथे जातात त्या रडणाऱ्या बायका.

सोमवारी दुकानात त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. मानेलकाकाला अर्थातच माहीत होतं. तो हॅनफर्डकडचा लिओनेल बोर्जेस. चारशे गायी. बायको गेल्या वर्षी सोडून गेली. आता एकटाच असतो. मानेलकाका आणखी बरंच सांगत होता, पण अदेलिनोला एवढंच ऐकू आलं की एकटाच असतो. त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाचा कल्ला एका बाजूला जरा जास्तच वर नेला.

मंगळवारी सकाळी सहाला ओदिलियाने कार्डांचा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला.

"घसा बसलाय," तो म्हणाला.

बुधवारीही बसलेला होता. गुरुवारी त्याने दुकान साडेपाचलाच उघडलं, केसाचं एक गिऱ्हाईक नसताना. ओदिलिया मूर्ख नव्हती. घसा दुकानात ठणठणीत चालतो हे तिला शेजारणीनेच सांगितलं. ती फ्रिजसमोर बसून स्वतःलाच कार्डं वाचून दाखवायची आणि स्वतःच उत्तरं द्यायची. स्वतःच्या आवाजातलं तिच्या कानात राहत नव्हतं. अदेलिनोला ते दिसत होतं. त्याला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं. नापास होऊ दे, त्याच्या मनात येई. नापास झाली की ते दार बंद होईल, ती पन्नास मिनिटं बंद होतील, आणि बाई संध्याकाळी चीजच्या पाकिटांचं सगळं सांगेल, पूर्वीसारखं. हा विचार आपलाच आहे याची त्याला लाज वाटली, पण त्याने तो हाकलला नाही.

परीक्षा ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, फ्रेस्नोला. आदल्या सकाळी ओदिलियाने डबा आणून त्याच्या कॉफीशेजारी ठेवला आणि समोर बसली. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"माझ्यावर काय राग असेल तो असू दे," ती म्हणाली. "उद्यानंतर बोल, भांड, काय करायचं ते कर. आज फक्त वाच."

त्याने वाचायला घेतलं. रडत-खडत, सरकारी नोटीस वाचावी तसं. गिऱ्हाइकाने केक आणला तर, कोर्टाने कागद मागितले तर, नवरा-बायको दोघं येत असतील आणि एकाने गुपित सांगितलं तर. ती उत्तरं देत होती, अडखळत, पण बरोबर. मग एकेचाळीस आलं.

"तुम्ही कुटुंबासोबत जत्रेला गेलात," त्याने वाचलं, "आणि तिथे तुमच्याकडे येणारा माणूस..."

तो थांबला. कार्डावरच्या ओळी त्याने मनात पुन्हा वाचल्या. ओदिलिया टेबलाकडे बघत होती.

"ओळख दाखवायची नाही," ती सावकाश म्हणाली. "त्याने दाखवली तरच. तो येतो हे कोणालाही कळू द्यायचं नाही."

"आणि नवऱ्याने विचारलं तर?"

"ते कार्डावर नाहीये."

"मी विचारतोय."

तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा तोच, फेस्तातला, भिंतीकडे बघणारा. हो म्हटलं तर कायदा मोडतो आणि नाही म्हटलं तर खोटं. एक महिना ही बाई त्याच्या घशाचं नाटक बघत गप्प बसली होती. एक शब्द बोलली असती तर सुटली असती.

"पुढचं वाच, अदेलिनो."

त्याने बेचाळीस वाचलं. मग एकशे साठपर्यंत सगळी वाचली, आणि पहिल्यापासून परत. दुकान त्या दिवशी दहाला उघडलं. बाहेर वाट बघत बसलेल्या मानेलकाकाने कारण विचारलं, तर घसा बसलाय म्हणाला.

ती पास झाली. हे सांगायला तिने फ्रेस्नोहून फोन केला तेव्हा तिला बोलताच येईना, नुसती रडत होती. अदेलिनोने ती बातमी पाच वाजेपर्यंत गावभर केली, कारण या बातमीला कुठल्याच कार्डाची आडकाठी नव्हती. हेवा मात्र गेला असं समजू नका. आता त्या हेव्याला नाव होतं, शर्ट होता. चारशे गायींचा तो माणूस त्या खोलीत काय बोलत असेल आणि ओदिलिया मान कशी कलती करून ऐकत असेल, हे त्याच्या मनात कधीही यायचं, विशेषतः तिने रस्सा ओव्हनमध्ये आहे म्हटलं की.

नोव्हेंबरात एका शनिवारी, दुकान भरलेलं असताना, लिओनेल बोर्जेस आत आला. त्याच्या नेहमीच्या न्हाव्याचं दुकान बंद होतं म्हणे. अदेलिनोने त्याला खुर्चीत बसवलं, कापड गळ्याशी बांधलं. बोटांनी ते जरा घट्टच बांधलं, मग सैल केलं.

"हा रे कोण?" मानेलकाका कोपऱ्यातून म्हणाला, उत्तर स्वतःला माहीत असूनही, फक्त गप्पांना तोंड फुटावं म्हणून. "तू मागे विचारत होतास ना याच्याबद्दल?"

खुर्चीतल्या माणसाने आरशात वर पाहिलं. कान लाल झाले होते. अदेलिनोने हातात कंगवा घेतला.

"मी? मी कधी कोणाबद्दल विचारतो?" तो म्हणाला. "काय नाव म्हणालात, साहेब? मान जरा खाली घ्या."

वीस मिनिटं तो एक अक्षर बोलला नाही. दुकानातल्या लोकांना वाटलं, याला बरं नाही. केस मात्र त्याने असे कापले की लिओनेलने उठताना आरशात दोनदा पाहिलं. दाराशी जाऊन तो वळला, काहीतरी म्हणणार होता, आणि मग नुसती मान हलवून गेला.

त्या संध्याकाळी ओदिलिया मुद्दाम लवकर आली होती. दोघं समोरासमोर जेवायला बसले.

"आज कोण कोण आलं होतं?" तिने विचारलं.

अदेलिनोने सगळी यादी सांगितली. पाद्रीबाबा, दोन शाळेचे मास्तर, मानेलकाका, त्याचा भाचा, भाच्याचं लग्न कसं मोडतंय ते. ती हसत ऐकत होती.

"आणखी कोणी?"

त्याने पावाचा तुकडा रश्शात दाबला.

"नाही," तो म्हणाला. "आणखी कोणी नाही."