काटेसाहेबांनी पारखून घेतलेलं मशीन

वजनमाप खात्यात उभी हयात गेल्यामुळे काटेसाहेबांचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. काटेसाहेब हे नाव बाजारानं ठेवलेलं. पारड्याखाली लोहचुंबक चिकटवणारे, वजनं आतून पोखरणारे असे एकेक नमुने त्यांनी पकडले होते. निवृत्त झाले तरी खोड जाईना. घरी आलेलं दूधही ते मापून घेत.

अशा माणसावर गाणी रेकॉर्ड करायचा कॉम्प्युटर निवडायची वेळ आली. गाणी बायकोची. चाली तिच्याच, कीबोर्डवर बसवलेल्या; आणि गळा असा, की शेजारीण गॅस बारीक करून ऐकत उभी राही. त्याच गळ्यात आता गाठ निघाली होती. गाठ साधी होती, पण ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहील असं डॉक्टर छातीठोक सांगेनात.

"त्याआधी माझी चार गाणी भरून ठेवा," ती म्हणाली.

"ठेवू ना. पण मशीन पारखून घेऊ."

मेव्हणा कार्यक्रमांत ड्रम वाजवायचा. तो म्हणाला, "दाजी, डोळे मिटून अ‍ॅपलचा मॅक घ्या. माझ्याकडे तोच आहे."

झालं! डोळे मिटायला सांगणाऱ्याचा हात तेव्हा कुठे असतो, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. याला नक्की कमिशन असणार.

दुकानदारानं विंडोजवाला कॉम्प्युटर दाखवला. सुरू होताच त्यानं ईमेल मागितला. "माझ्या घरात बसून मलाच विचारणार, तू कोण म्हणून?" साहेब उठलेच.

भाची म्हणाली, "मामा, लिनक्स घ्या. फुकट आहे. आत काय आहे ते कुणालाही तपासता येतं."

साहेब जरा पाघळले. "तू तपासलंयस?"

"मी नाही. पण तपासता येतं."

"म्हणजे सगळ्यांना वाटतंय, दुसऱ्या कुणीतरी तपासलं असेल!"

अशी चौकशी चालू राहिली. इकडे संध्याकाळ झाली की बायकोचा आवाज बसू लागला. साहेबांना तो ऐकू येत होता, पण त्यांचं मन मशीनमध्ये अडकलं होतं.

शेवटी त्यांनी एक साधा कॉम्प्युटर आणून त्यात लिनक्सच घातलं. इंटरनेटची वायर उपटली, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, माइक मांडला आणि हाक मारली, "ये, बस. आता काही धोका नाही."

ऑपरेशन परवावर आलं होतं. ती दारातूनच म्हणाली, "माझी गाणी भरून झाली. भावाकडे."

"त्याच्याकडे? तिथे आणखी कोण होतं? फायली कुणाच्या ताब्यात आहेत?"

"सगळं विचारलंत," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "गाणी कशी झाली, तेवढं राहिलं."

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आवाज आला, पण बोलण्यापुरताच. महिनाभरानं साहेब मुकाट्यानं मेव्हण्याच्या दारात उभे राहिले. त्यानं हेडफोन दिले.

गाण्याआधी तिचा हसरा, मोकळा आवाज आला, "आटप रे लवकर. ह्यांचं मशीन ठरेपर्यंत माझा गळा थांबायचा नाही."

मेव्हणा ओशाळला. "दाजी, ते कापायचं राहून गेलं. आत्ता काढतो."

"हात लावू नकोस," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तेवढंच पुन्हा लाव."