सात पायऱ्या आणि माझी सही

"इथे सही करा तात्या," म्हणून बाईंनी पेन पुढे केलं आणि मी हात पाठीमागे नेला.

केळशीच्या खाडीवर माझी शेड आहे. साठ वर्षं झाली, मी लाकडाच्या बोटी बांधतो. बाई म्हणजे शुभांगी बाई. मंडणगडच्या बाजूला डोंगरातल्या एका शाळेत शिकवतात. शाळा सांभाळून त्यांची पीएच.डी. चालली होती, शिक्षण याच विषयात. सोमवार ते शनिवार पोरांना शिकवायचं आणि कसं शिकवावं त्याचं पुस्तक रविवारी लिहायचं. याला पार्ट-टाइम म्हणतात. मी बघितलं ते असं, की बाईंची दोन्ही कामं फुल-टाइम होती आणि झोप पार्ट-टाइम.

शाळेत न गेलेली किंवा थोडकी गेलेली माणसं आपला धंदा दुसऱ्याला कशी शिकवतात, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांनी तीन माणसं धरली होती. एक जाळी विणणारा, एक मडकी करणारी आणि मी. अशा धरलेल्या माणसाला सॅम्पल म्हणतात. कापडाच्या दुकानात असतं तेच.

आता कागदावर लिहिलं होतं की वरची माहिती मी ऐकली, ती बरोबर आहे. ही सही गाईडने मागितली होती. गाईड म्हणजे पीएच.डी. करणाऱ्याच्या डोक्यावर बसवलेला मुकादम.

माझ्या सहीचं सांगतो. नवीन बोट सरकारात नोंदवायची तर बांधणाऱ्याचा दाखला लागतो. लांबी किती, रुंदी किती, लाकूड कुठलं. खाली मेस्त्रीची सही. मी स्वतः टेप लावल्याशिवाय ती सही केलेली नाही. दाभोळच्या एका मालकाने लांबी दीड फूट कमी लिहायला सांगितली होती. त्याला मी म्हटलं, "दीड फूट बोट कापून देतो, मग लिहितो." तो अजून माझ्याशी बोलत नाही. चालतं मला.

"काय झालं तात्या? चष्मा देऊ?"

"चष्मा नको. हे खोटं आहे."

"कुठलं वाक्य?"

"सगळं. सातही पायऱ्या."

बाई हसल्या. त्यांना वाटलं म्हातारा नेहमीसारखा चेष्टा करतोय. मग माझा पुतण्या यशवंत, जो तीस वर्षं माझ्या हाताखाली आहे आणि आता मलाच शिकवतो, तो फळी तासता तासता म्हणाला, "बाई, चौथी पायरी आमचा कुत्रा आहे."

बाईंचं हसू तिथेच थांबलं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात छापील प्रश्नावली होती. नाव, वय, धंदा. मग शिक्षण. मी म्हटलं, दुसरी. बाईंनी रकान्यात काहीतरी लिहिलं. मी दुसरी शिकलोय, बोट ठेवून वाचतो, पण वाचतो. उलट्या बाजूने सुद्धा वाचलं. 'अल्पशिक्षित.'

माझ्या हातच्या बोटी हर्णैपासून पार जयगडपर्यंत पाण्यात आहेत. आणि मी अल्प.

पुढचा प्रश्न आला, "तुमच्या शिकवण्याच्या पद्धतीत किती पायऱ्या आहेत? तीनपेक्षा कमी, तीन ते पाच, की पाचपेक्षा जास्त?"

"सात," मी म्हटलं.

आता सात म्हटल्यावर सात सांगायला पाहिजेत. मी शेडमध्ये नजर फिरवली. पठाणासमोर नारळ ठेवलेला होता. पठाण म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, बोट तिथून सुरू होते. म्हणून पहिली पायरी, नमन. कोपऱ्यात झाडू होता, दुसरी पायरी झाडलोट. यशवंतच्या तोंडात तंबाखू होती, त्यामुळे तो गप्प होता. तिसरी, मौन. कुत्रा बोटीच्या सावलीत झोपला होता. चौथी, सावली, म्हणजे नवख्याने सहा महिने मेस्त्रीच्या सावलीत नुसतं बसायचं. बाहेर सुकट वाळत होती, वास येत होता. पाचवी, गंध. लाकडाचा वास घेऊन त्याचं वय ओळखायचं. फळीवर टेप अर्धीच ओढलेली होती. सहावी, अर्धं माप. सातवी सुचेना. तेवढ्यात यशवंत बाहेर जाऊन थुंकला. मी म्हटलं विसर्जन. नवख्याने केलेली पहिली वस्तू खाडीत सोडून द्यायची.

बाई भराभर लिहीत होत्या. "अहाहा," म्हणाल्या. यशवंतला ठसका लागला होता.

मला वाटलं हे तिथेच मिटलं. कसलं मिटतंय! बाईंनी त्याचं मॉडेल केलं. मॉडेल म्हणजे चौकोन काढायचे आणि मध्ये बाण मारायचे. ते मॉडेल त्यांनी मास्तरांच्या महिन्याच्या सभेत दाखवलं. शिक्षण खात्याचे साहेब खूश झाले. एका गुरुजींनी दुसऱ्या दिवशीच वर्गातल्या पोरांना कंपासपेट्यांचा वास घ्यायला लावला. हे बाईंनी मला मोठ्या कौतुकाने येऊन सांगितलं होतं. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण माझं नाव साहेबांपर्यंत गेलं म्हणाल्या, आणि मी गप्प बसलो. तिसरी पायरी.

"तात्या," बाई आता हळू बोलत होत्या, "चार वर्षं झाली मला यात. माझे सगळे रविवार गेले. ऑगस्ट संपला की माझी मुदत संपते. एकदा वाढवून घेतली, परत मिळत नाही. चौथा चॅप्टर सगळा तुमच्यावर आहे. मी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

"तुम्ही अल्पशिक्षित लिहिलंत."

"अहो, तो कॉलम होता!"

"कॉलमात मी होतो, बाई."

त्यांनी गाईडला फोन लावला. स्पीकरवर टाकला, मीही ऐकावं म्हणून. सगळं सांगितलं. मग गाईड म्हणाले, "मेस्त्रींना द्या. नमस्कार मेस्त्री. हे बघा, थोडंफार इकडेतिकडे सगळ्यांचंच असतं. तुम्ही सही करून टाका."

"बोटीत थोडंफार इकडेतिकडे झालं तर पाणी आत येतं, सर."

"ही बोट नाही हो. चौथा चॅप्टर कोण वाचतोय?"

"मग लिहायचा कशाला?"

"बाई, दुसरा कोणीतरी सुतार बघा सहीला," गाईड म्हणाले. "सुतार काय कमी आहेत कोकणात?"

बाईंनी फोन बंद केला. कागद पिशवीत कोंबले आणि स्कूटर काढली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. यशवंत म्हणाला, "काका, सही केली असतीस तर काय मेला असतास?"

"तू फळी तास."

पुढचे तीन रविवार बाई आल्या नाहीत. मी रस्त्याकडे बघत नव्हतो, पण आल्या नाहीत हे मला माहीत होतं. त्यांनी दुसरा सुतार गाठला असेल असं यशवंतला वाटत होतं. मलाही वाटत होतं. बांधतिवऱ्याकडे एक आहे, चहा पाजला तर कशावरही सही करेल.

मे महिन्याची सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हजर. ओढणी कमरेला बांधलेली. हातात प्रश्नावली नाही.

"खरं कसं शिकवता ते सांगा."

"मला नाय ठाऊक."

"तात्या, परत नको हं."

"आईशप्पथ नाय ठाऊक. मी कोणाला शिकवलंच नाय. यशवंत आला, राहिला, शिकला."

"मग मला काम द्या."

दिलं. कलाफत. बोटीच्या दोन फळ्यांमध्ये जी फट राहते, तिच्यात तेलात मळलेला कापूस बोथट छिन्नीने ठोकून बसवायचा. हे कलाफत. फार सैल झालं तर पाणी येतं आणि फार ठोकलं तर फळीच उचलते. मी एक हात फट भरून दाखवली, पुढची बाईंच्या हातात दिली आणि चहा प्यायला गेलो.

पहिल्या आठवड्यात त्यांच्या अंगठ्याला दोनदा हातोडा बसला. मुंबईहून नवऱ्याचा फोन आला की त्या तेलकट हातानेच घ्यायच्या. "हो, पीएच.डी.च करतेय. नाही, कापूस ठोकतेय. तेच ते." एकदा शाळेकडून फोन आला, सुट्टीतली कसलीतरी माहिती संध्याकाळच्या आत भरा. बाई बोटीखाली बसून मोबाइलवर माहिती भरत होत्या आणि एका हाताने कापूस मळत होत्या.

जूनच्या सुरुवातीला पाणी लावायचा दिवस आला. बोट खाडीत सोडायच्या आधी आम्ही ती जमिनीवरच आतून पाण्याने भरतो. बाहेरून जिथे ठिपकेल तिथे खडूने खूण करायची. आत येणारं पाणी शोधण्यापेक्षा बाहेर जाणारं शोधणं सोपं.

पंप लावला. बाई बोटीभोवती फिरत होत्या. बोटीचं पोट भरत आलं आणि डाव्या अंगाला, खालून तिसऱ्या फटीत टपटप सुरू झाली. मग धार. ती फट बाईंची होती. बाकी बोट कोरडी.

बाईंनी खडूने खूण केली. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"केव्हापासून?"

"तुम्ही ठोकत होतात तेव्हापासून. आवाज बद्द येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? होय म्हटलं असतंत आणि पुढे तशीच ठोकली असतीत."

"माझ्या पहिल्या बोटीला अकरा ठिकाणी धार होती," यशवंत म्हणाला. "काका खुर्ची घेऊन बसला होता बघायला. माझ्या बापाशपथ सांगतो, हसत होता."

"माझा बापूस पण हसला होता," मी म्हटलं.

बाईंनी बोटीतलं पाणी काढलं. कापूस उपसला, परत भरला. या वेळी दर चार बोटांवर थांबून आवाज ऐकत होत्या. मी सांगितलं नव्हतं ते. मग हात पुसून वही काढली आणि ओल्या वाळूत बसून लिहीत राहिल्या.

"काय लिहिताय?"

"तुम्ही कसं शिकवता ते." त्यांनी मान वर केली नाही. "चूक दिसली तरी बोलत नाही. पाणी लावेपर्यंत थांबता. आणि तेव्हा बोट जमिनीवर असते, पाणी तिच्या आत असतं, चुकलं तरी माणूस बुडत नाही."

मला राग आला, खरं सांगतो. इतकी वर्षं मी हेच करतोय आणि मला दिसलं नव्हतं. कापूस ठोकणाऱ्या बाईला महिन्याभरात दिसलं.

जुलैअखेर त्या नवा चौथा चॅप्टर घेऊन आल्या. जुन्याच्या निम्मा होता, त्यात एकही बाण नव्हता. सगळा वाचून दाखवला. सात पायऱ्याही होत्या, शेवटी परिशिष्टात, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या पडवीत. वर मथळा: सहभागीने सुरुवातीला दिलेली खोटी माहिती व तिचे कारण. कारण म्हणून त्यांनी स्वतःची चूक लिहिली होती. कुत्राही होता.

"गाईड काय म्हणाले?"

"आधी ओरडले. मग म्हणाले, पाठवा."

मग त्यांनी पेन काढलं. "एक रकाना रिकामा ठेवलाय. शिक्षण. ते जुनं खोडलंय मी. काय लिहू?"

यशवंत म्हणाला, "इंजिनिअर लिहा."

मी म्हटलं, "दुसरी लिहा. दुसरी पास."

"नक्की?"

"खरं लिहायचं म्हणून तर एवढा तमाशा केला. लिहा."

त्यांनी लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचून घेतलं आणि सही केली.

बाई डॉक्टर झाल्या. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी अर्धा वेळ कुत्र्याबद्दलच विचारलं म्हणे. निकाल लागला त्याच आठवड्यात डॉक्टर बाईंना मतदार याद्या घेऊन घरोघर पाठवलं.

पुस्तकाची एक प्रत त्यांनी मला दिली. मी माझं नाव शोधलं. सापडेना. सगळीकडे 'सहभागी क्रमांक तीन.'

"माझं नाव कुठाय?"

"नियम आहे तात्या. नाव गुप्त ठेवावं लागतं."

"खोटं गुप्त ठेवा की. खरं केलं ते कशाला?"

"नियम दोन्हींना एकच."

त्यावरून मी त्यांच्याशी आठ दिवस बोललो नाही. नंतर आतल्या पानावर बाईंकडून पेनने नाव लिहून घेतलं. प्रत शेडमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

कंपासपेट्यांचा वास घ्यायला लावणाऱ्या त्या गुरुजींना बाईंनी दोनदा सांगितलं की गंधाची पायरी खोटी आहे. ते म्हणाले, असू दे, पोरांना आवडते.

हल्ली कोणी फॉर्म घेऊन शेडवर आलं की मी आधी त्याला कापूस मळायला देतो. बहुतेक जण तेवढ्यातच परत जातात. जो थांबतो त्याला मी खरं सांगतो.