सुरुवातीची नावं

अन्याय झाला तो एका दिग्दर्शकावर; शंभरेक वर्षांपूर्वी मूक विनोदी सिनेमे करायचा तो. गेल्या रविवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, पिंपरीत आमच्या विहारामागच्या हॉलमध्ये. करणारा मी. कंत्राटी कामगारांच्या सभेनंतर लोकांनी जरा हसावं म्हणून त्याचा सिनेमा लावला आणि सुरुवातीची नावं पळवून थेट धमालीवर आलो. पत्रकावरही नुसतं नटाचं नाव. पत्रकं मीच लिहितो. ‘राबणाऱ्याचं नाव घ्या’ हेही मीच लिहिलेलं.

पडद्यावर वेटर सूपचे वाडगे घेऊन सहा दारांतून जातो. प्रत्येक दार त्याच्या पाठीला चाटून बंद होतं, थेंब सांडत नाही. हॉल लोळत होता.

वडील पहिल्या रांगेत होते. चाकणच्या प्रेसशॉपमध्ये ते सेटर होते. साचा बसवायचा, पहिले चार नग तपासायचे, मग मशीन ऑपरेटरच्या हाती द्यायचं. फळ्यावर उत्पादन लागायचं ऑपरेटरच्या नावाने. कान तिथेच गेले. त्या आवाजात सगळे हातवाऱ्यांनीच बोलायचे. त्यांनी मला बोटाने बोलावलं.

“याचा सेटर कोण?”

“पप्पा, नटच करतो सगळं,” मी कानाशी ओरडलो.

“नट ऑपरेटर झाला रे. त्याला मागचं दार दिसतंय का? कुणीतरी बाहेर उभं राहून हात खाली करून इशारा देतंय. तो कोण?”

त्यांनी पत्रक उलटून मागची बाजूही पाहिली. मी सिनेमा सुरुवातीला नेला. दिग्दर्शकाचं नाव आलं तसा त्यांनी पंजा वर केला. मी थांबवलं.

“ओ भाऊ, मतदारयादी वाचताय का?” मागून कुणीतरी ओरडलं. “माणूस पाडा की राव!”

वडिलांना ते ऐकूच गेलं नाही. ते एकेक इंग्रजी अक्षर जुळवत होते. नाव पुरं झालं.

“आहे का हा अजून?”

मी ‘नाही’ अशी मान हलवली.

“माणूस गेला, पण सेटिंग हललं नाही बघ. आमचं साचा उतरवला की संपायचं.”

मग सहाही दारं त्यांनी पुन्हा पाहिली. या वेळी न हसता.

त्या दिग्दर्शकाची कीर्ती टिकून आहे म्हणतात. अभ्यासकांच्या पुस्तकांत असेल. आमच्या हॉलमध्ये ती मी चार सेकंदांत पुसली होती.

त्याचं नाव मी इथे देत नाही. वाचाल आणि पुढे जाल. आज घरी कुठलाही मूकपट लावा. पळवायच्या बटणावरचं बोट उचला. दिग्दर्शकाचं नाव आलं की थांबवा आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचा.