मामांचा बारा वर्षांचा कार्यक्रम

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो मामांनीच घाबरवलेला असणार. गॅसचं सिलिंडर, पाल, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, मोटारसायकलवर मागं बसणं, या सगळ्यांची त्यांना रीतसर भीती आहे. नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडून किती उगवले ते मोजलं, आणि तिथंही उगवलेल्या पंच्याण्णवांपेक्षा न उगवलेल्या पाचांचीच काळजी केली. निवृत्त झाल्यावर कुणीतरी त्यांना सांगितलं, की जगातलं थोर साहित्य वाचलं म्हणजे माणसाचं काळीज घट्ट होतं. मामांनी एका इंग्रजीच्या प्राध्यापकाकडून पाश्चात्त्य अभिजात पुस्तकांची यादी करून घेतली, महिन्यांचे रकाने आखले आणि भिंतीवर बारा वर्षांचा तक्ता लावला.

काळीज घट्ट होणं राहिलं बाजूलाच, पुस्तकागणिक नवी भीती तेवढी घरात आली. एका इंग्रजी कादंबरीत जहाज बुडालं, तेव्हापासून मामा तलावाच्या बांधावरून चालेनात. एका फ्रेंच कादंबरीतला निरपराध माणूस तुरुंगात पडला, तर हे दूध आणायला जातानाही आधारकार्ड खिशात ठेवू लागले. रशियन कादंबऱ्यांनी तर कहरच केला. भर मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर वितळत असताना, मामा गळ्याला मफलर गुंडाळून बसलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. विचारलं तर म्हणाले, "जावईबापू, तिकडं लोक पटापटा मरून राह्यले थंडीनं. रिस्क कशाला?"

असली पुस्तकं एकट्यानं वाचायची अर्थातच बिशाद नव्हती. समोर मामी लागायच्या. रोज संध्याकाळी मामी डाळ-तांदूळ निवडत बसायच्या आणि मामा मांडीवर शब्दकोश घेऊन पानापानाचं मराठीत सांगायचे. मामी सातवीपर्यंत शिकलेल्या, माहेर कुंभार पिंपळगावचं. पण अकरा वर्षांत युरोपातली सगळी घराणी, कुणाचं लग्न कुणाशी मोडलं, कुणी कुणाची इस्टेट लाटली, हे त्यांना स्वतःच्या भावकीसारखं पाठ झालं. मामांचा नियम एकच, पण कडक. पुढचं पान आधी बघायचं नाही. कुणी गमतीनं शेवट सांगायला लागलं तर ते खरोखर कानांवर हात ठेवायचे.

यादीतलं शेवटचं पुस्तक, तेही रशियन, निम्म्यावर आलं आणि मामींच्या हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन संभाजीनगरला ठरलं. आदल्या दिवशी मी दवाखान्यातच होतो. मामांनी पुस्तक आणि शब्दकोश तिथंही आणले होते. पुस्तकातली नायिका तेव्हा तापानं अंथरुणाला खिळली होती. मामी म्हणाल्या, "अहो, त्या पोरीचं काय होतंय ते शेवटी बघून सांगा न."

"तसं न्हाई बघत आपण."

"मंग मला कळंल कसं? उद्याचं कुणी सांगावं?"

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी शेवटची पानं उलटली, शब्दकोशाशिवाय, ओठ हलवत वाचली आणि पुस्तक मिटलं. "उठती गं. बिलकुल ठणठणीत होऊन उठती."

मामींना बरं वाटलं. बाहेर आलो तर मामा भिंतीला टेकून रडत होते. "मेली हो ती, जावईबापू. आता हिला काय झालं तर?" त्यांच्या भीतीची आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर थट्टा केली, पण त्या क्षणी तीच भीती मलाही चिकटली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा विझेपर्यंत आम्ही दोघं त्या दिव्याकडं बघत बसलो.

मामी बऱ्या होऊन घरी आल्या आणि चौथ्या दिवशी समोर येऊन बसल्या. "हं, सांगा पुढं."

जन्मात एकच खोटं बोललेल्या माणसावर आता मेलेली बाई जगवायची वेळ आली. नायिका अंथरुणातून उठली. तिनं शेती काढली. पुढं मामांची कल्पना जरा अडखळली असावी, कारण त्या रशियन शेतात मोसंबीची बाग उभी राहिली आणि कपाशीवर बोंडअळीही पडली. अळीच्या नुसत्या विचारानं मामांना घाम फुटायचा, पण बाईला ते काही होऊ देत नव्हते. पानं केव्हाच संपली. मामा पुन्हा मधलीच पानं उलटत सांगत राहिले. तक्त्यावरचा शेवटचा रकाना दोन वर्षं कोरा आहे. "संपवून टाका की आता," मी एकदा म्हणालो. ते हळू आवाजात म्हणाले, "भ्याव वाटतं हो. हे पुस्तक मिटायचंच भ्याव वाटतं."

परवा गेलो तेव्हा मामा हात-पाय धुवायला मोरीकडं गेले होते. पुस्तक पहिल्याच पानावर उघडं पडलं होतं. मी मामींना विचारलं, "अजून किती राहिलंय हो?"

मामींनी पुस्तकाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"राह्यलंय की लई," त्या म्हणाल्या. "सांगू द्या त्यांना. मी आयकून राह्यले तवर त्यांना भ्याव वाटत न्हाई."