तळमजल्याची सभ्य भाषा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने आयुष्यभर उंच इमारतींच्या पोकळीत लोंबकळून काम करावं, अंगावर ओरखडा येऊ देऊ नये, आणि घरात फळीवरचा डबा काढताना स्टुलावरून पडून उजवं मनगट मोडून घ्यावं, याला काय म्हणायचं. पडताना चष्माही फुटला. "प्लास्टर निघालं की चष्म्याचं बघू, एकदमच," लिफ्टवाले म्हणाले. इमारतीत त्यांना सगळे लिफ्टवालेच म्हणायचे, आणि घरात बसून पँटची कंबर सैल करून देणाऱ्या, चेन बदलून देणाऱ्या त्यांच्या बायकोला टेलरबाई.

लिफ्टवाल्यांचा देवावर विश्वास नव्हता. हे त्यांनी लग्न ठरायच्या आधीच तिला सांगून टाकलं होतं. तिचा होता. रोज मशीनला बसण्याआधी ती डोळे मिटून, हात जोडून थोडा वेळ बसायची. तेवढ्यात हा माणूस समोर चहा घेत असला, तर कप बशीवर ठेवायचा नाही. आवाज होईल म्हणून. एवढ्या एका गोष्टीवर तिने त्यांना बरंच काही माफ केलेलं होतं.

एरवी ते चार शब्दांत दिवस काढायचे. बोलायचे ते फोनवर. देव न मानणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप होता, मानणारेही तिथे भांडायला यायचे. खरं नाव कुणीच लावत नसे. लिफ्टवाल्यांनी 'तळमजला' असं नाव घेतलं होतं, आणि हा तळमजला भलताच तिखट होता. पोटातलं बाहेर काढायची त्यांची तेवढी एकच जागा, हे बायकोला माहीत होतं. त्यामुळे हात प्लास्टरमध्ये गेल्यावर जेवण डाव्या हाताने जमलं, दाढी जमली, पण माणूस कोमेजला. फोनला तोंडी सांगून लिहायची सोयही त्यांनी करून पाहिली. फोनने त्यांच्या वाक्याचं काय केलं ते तिने वाचून दाखवल्यावर त्यांनी फोनच पालथा घातला.

"अगं, तू लिहितेस का? मी सांगतो."

"मी? तुमच्या त्या ग्रुपवर?"

"तुला कुठे पटवून घ्यायचंय. नुसतं लिहायचंय."

तिने शर्टाला टाचणी खोचली आणि फोन घेतला. "सांगा."

"लिही. तुझ्यासारख्या बिनडोक माणसाशी बोलण्यात काही अर्थ नाही."

तिने लिहिलं, 'क्षमा असावी, पण तुमचं म्हणणं मला पटलं नाही.'

"वाच बघू."

तिने वाचून दाखवलं. त्यांनी सांगितलेलं, तिने लिहिलेलं नव्हे.

तिला यात गैर काही वाटलं नाही. गिऱ्हाईक सांगतं त्या मापात पँट बसणार नाही हे दिसत असतं. आपण न बोलता अर्धा इंच सैल सोडतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण एक पथ्य तिने पाळलं. 'देव नाही' असं ते म्हणाले की ती 'देव नाही' असंच लिहायची. मनात हळूच माफी मागायची, पण शब्द बदलायची नाही.

ग्रुपवर तळमजल्याचं कौतुक सुरू झालं. पूर्वी शिव्या देणारे 'दादा' म्हणायला लागले. "लोक सुधारले वाटतं," लिफ्टवाले म्हणाले. ती दोरा ओवत राहिली.

मग 'चिमणी' नावाच्या मुलीने लिहिलं, आई गेली, सगळे म्हणतात प्रार्थना कर, माझा विश्वास नाही, आणि संध्याकाळ झाली की घर खायला उठतं. काय करू?

"लिही. प्रार्थनेने आई परत येत नाही. रडू आलं तर रड. विश्वास नाही याची लाज वाटून घेऊ नकोस."

तिने ते जसंच्या तसं लिहिलं. मग तिला स्वतःची आई आठवली. तिने खाली लिहिलं, 'दिवस मावळायच्या आत घरातले सगळे दिवे लावत जा, अंधार पडल्यावर उठवत नाही. आणि आईचे कपडे सगळे एकदम कपाटात घालू नकोस. एखादा बाहेर राहू दे.' हे तिने वाचून दाखवलं नाही.

प्लास्टर निघालं. नवा चष्मा आला. लिफ्टवाले खुर्ची खिडकीपाशी ओढून फोन वाचत बसले. इकडे मशीनवर तिचा दोरा सारखा तुटत होता.

"हे मी लिहिलं?"

"मुद्दा तुमचाच आहे."

"'क्षमा असावी' असं मी जन्मात कधी म्हटलंय?"

"नाही. म्हणून तर घातलं."

ते हसले नाहीत. "माझ्या नावावर कुठे देव घातलास का?"

"एकदाही नाही. शोधून बघा."

त्यांनी खरंच शोधून बघितलं. नव्हता. तरी चेहरा सैल होईना. "तू सकाळी डोळे मिटून बसतेस. त्यात मी कधी माझे शब्द घातले का गं?"

तिने मशीनवरचा पाय काढला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "काढून टाका सगळं."

त्यांनी काही काढलं नाही. आखडलेल्या बोटाने एकेक अक्षर दाबत नवीनच लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. 'हात मोडला होता तेव्हा माझ्या नावाने बायकोने लिहिलं. मतं माझी, सभ्यपणा तिचा. दिव्यांचं सगळं तिचंच. ती देव मानते. फसवल्यासारखं वाटलं असेल तर माफ करा.'

"देव मानते, हे कशाला लिहिलंत? काढतील ना तुम्हाला ग्रुपमधून."

"खरं आहे म्हणून लिहिलं."

त्या दुपारी तिने एका झग्याला उलटी बाही जोडली आणि उसवली. आपल्यामुळे या माणसाची बोलायची जागा गेली, एवढंच डोक्यात फिरत होतं. संध्याकाळी उत्तरं आली. एकाने 'ही शुद्ध फसवणूक आहे' म्हणून ग्रुप सोडला. एकाने लिहिलं, 'तळमजला, दुसरा हातही मोडून घ्या.' बाकीचे त्यावर हसले. काढलं कुणी नाही. आणि चिमणीने लिहिलं होतं, 'काकूंना सांगा, दिवे लावते. आईचा स्वेटर खुर्चीवरच आहे. किती दिवस ठेवू, विचाराल?'

लिफ्टवाल्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "तुला विचारलंय."

"तुमच्या नावाने कसं लिहू?"

"माझ्या नावाने आता अजिबात नको." खटपट करून त्यांनी तिला वेगळं खातं उघडून दिलं. "नाव काय लावू?"

"टेलरबाईच लावा. दुसरं काय असणार."

तिने दोन शब्द लिहिले, पुसले. दुसऱ्याचं सैल करून देणं सोपं होतं, आपलं बेतायचं म्हटल्यावर हात अडला. सवयीने तिने डोळे मिटले.

लिफ्टवाले कप बशीवर ठेवतच होते. तो त्यांनी तसाच धरून ठेवला, नुकत्याच जुळलेल्या मनगटाला जड जात होता तरी.