नानांचा साकव

आम्ही चार जुने दोस्त भेटलो आणि चहा आला, की मुलुंडच्या स्टोव्हच्या कारखान्यातले किस्से निघतात. एकाचा संपत नाही तोवर दुसऱ्याला आणखी एक आठवतो. मी तिथे टाइमकीपर होतो. मुलुंड तेव्हा नुकतंच मुंबईत धरलं जाऊ लागलं होतं. कामगारांची चाळ नाल्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे, आणि मध्ये पायी ओलांडायला साधा साकवही नाही. पावसाळ्यात नाला भरला की पोरांची शाळा बुडायची. पॅकिंगमधल्या सखूबाईची सुली अशीच महिनाभर घरी बसली आणि चौथीत नापास झाली. पोर हुशार होती. मला तिचं फार वाईट वाटायचं.

साकव बांधायचं वचन आमच्या नगरसेवकांचं. सगळे त्यांना नाना म्हणत. माणूस गोड, पण त्यांच्याच्याने कुणाला 'नाही' म्हणवत नसे आणि 'हो' म्हटलेलं करवत नसे!

*

आमचे मॅनेजर टिपणीससाहेब. त्यांनी धंदा कसा चालवावा यावरचं एक जाडजूड पुस्तक विलायतेहून मागवलं होतं. त्यातलं एकेक तत्त्व ते नानांना लावून बघत. नाना मतं मागायला कारखान्यात आले, तेव्हा साहेबांनी साकवाचं विचारलं.

"विचार चालू आहे," नाना म्हणाले.

"नाना, आमच्याकडे मशीनपाशी नुसता विचार चालू असला, तर मशीन बंद आहे असं धरतात!"

*

मग नानांनी कमिटी नेमली. सात माणसं. चौघांना साकव शाळेपाशी हवा, तिघांना देवळापाशी. नानांनी दोन्ही बाजूंना सांगितलं, "तुमचंच बरोबर आहे." झालं, कमिटीची वाट लागली.

आमचा फोरमन परेरा इथल्याच जुन्या गावठाणातला. तो वैतागून म्हणाला, "साहेब, हा माणूस स्टोव्हला नुसता पंप मारतोय. तुंबलेल्या भोकात पिन कोण मारणार?"

*

कोनशिला मात्र झोकात बसली. हार, भाषण, पेढे, सगळं झकास! दुसऱ्या दिवशी बघतो तर चाळीतल्या बायका तिच्यावर कपडे धूत होत्या. साहेबांनी लगेच नानांना फोन लावला.

"अभिनंदन नाना! तुमच्या योजनेचा फायदा लोकांना व्हायला लागला!"

"अरे वा!" नाना खूश. "मग पेपरवाल्यांना कळवू का?"

*

पुढचा पावसाळा तोंडावर आला. नाल्यावर अजून एक फळीसुद्धा पडली नव्हती. साहेबांनी आम्हा सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं आणि तासभर ऐकवलं.

"नानांचं चुकतं कुठे? सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही! आपल्याकडे भिंतीवर फळा कशाला लावलाय? काम, नाव, तारीख. एका कामाला एकच नाव. आणि ज्याच्या हाताशी माणसं आहेत, सामान आहे, त्याचंच नाव! पुढारी असा पाहिजे!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. सखूबाईने काही वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आत आले आणि फळ्यापुढे थबकले. खालच्या ओळीत खडूने गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं. काम: नाल्यावरचा साकव. नाव: टिपणीससाहेब.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. खिडकीबाहेर यार्डात लोखंडी अँगल आणि लाकडी फळ्या रचून ठेवल्या होत्या. परेरा मुद्दाम छताकडे बघत होता.

"हे कुणी लिहिलं?"

सखूबाई पदर खोचून पुढे आली.

"मला कुठं लिहिता येतंय, साहेब? सुलीकडून लिहून घेतलं. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवलीय. कधीची घालायला सांगू तिला?"